तेल लावलेलं फर्निचर चिकटतंय, डाग पडलेत, वास येतोय? अजून एक हात मारायच्या आधी हे वाचा

तेल लावलेलं लाकूड बिघडलंय असं वाटलं की आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते, तर अजून एक हात मारला जातो. चिकटतंय, मारा एक हात. फिकं दिसतंय, मारा एक हात. आणि तिथेच ते जास्त बिघडतं, कारण बहुतेक वेळा तेल कमी पडलेलं नसतंच, वर जास्त राहिलेलं असतं. ऑइल फिनिशमध्ये तेलाची जागा लाकडाच्या आत. लाकडाने जेवढं प्यायचं तेवढं पिऊ द्यायचं आणि वर उरलेलं सगळंच्या सगळं पुसून काढायचं, नंतर बोट फिरवलं तर बोटाला ओल लागता कामा नये इतकं. त्यामुळे आत्ता हातात चिंधी आणि डबा असेल तर कृपया खाली ठेवा, आधी नक्की काय झालंय ते शोधू.

तेल वाळतं म्हणजे काय हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे प्रश्न आपले आपणच सोडवता येतात. पाणी वाळतं तसं तेल उडून जात नाही. जवसाचं तेल (कुणी अळशीचं म्हणतं, पेंटच्या दुकानात लिनसीड म्हणून मिळतं) हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं, म्हणजे वाळताना त्याचं वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ऑक्सिजन वरून आत जातो, म्हणून जाड थर दिला की वर साय धरते आणि खाली ओलंच राहतं, मग ते महिनोन्‌महिने चिकट. दोन, ऑक्सिजन ओढून घट्ट व्हायचा हा गुण सगळ्याच तेलांत नसतो. जवस, टंग (टंग नावाच्या झाडाच्या बियांचं) आणि अक्रोड ही वाळणारी तेलं. खोबरेल, शेंगदाणा, मोहरी, एरंडेल ही लाकडावर कधीच वाळत नाहीत. देवघराला, झोपाळ्याच्या फळीला खोबरेल चोळायची सवय बऱ्याच घरांत आहे, प्रेमानेच करतात आणि दोन दिवस लाकूड सुंदर दिसतं पण, नंतर त्यावर धूळ बसते, उदबत्तीची काजळी बसते, आणि मग खवट वास यायला लागतो. तुमच्या वस्तूवर आधी कुणी काय लावलं होतं हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून घ्या, आजीचं एक वाक्य तुमची चार दिवसांची मेहनत वाचवेल.

जवसाच्या तेलातही दोन प्रकार मिळतात. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस, पावसाळी हवेत कित्येक आठवडे घेतं. दुसरं बॉइल्ड किंवा डबल बॉइल्ड म्हणून मिळतं, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे ड्रायर घातलेले असतात, पातळ हात दिला आणि हवा कोरडी असली तर साधारण एका दिवसात हाताला लागेनासं होतं. डब्यावर नुसतंच लिनसीड ऑइल लिहिलं असेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा की कच्चं की बॉइल्ड. टीक ऑइल नावाने जे मिळतं ते सागवानातून काढलेलं तेल नाही बरं का, बहुतेक ते तेल, थोडं वार्निश आणि पातळ करायला टर्पेन्टाइन अशा जातीचं मिश्रण असतं, चांगलंही असतं, पण प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे वाळायचा वेळ डब्यावर बघूनच ठरवा.

आता तपासणी. पहिला प्रश्न असा की तेलाच्या खाली उघडं लाकूड आहे का आधीचं पॉलिश आहे. मला वाटतं आपल्याकडे चिकटपणाचं सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण हेच आहे. दुकानातून तयार आणलेलं कितीतरी फर्निचर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) अशा प्लॅस्टिकसारख्या पॉलिशचा थर मारलेलं असतं, त्यावर तेल लावलं तर ते आत जाणार कुठून, प्लॅस्टिकवर लावल्यासारखं वर बसून राहतं. मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवा. थेंब मण्यासारखा उभा राहिला आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुसल्यावर खाली काहीच गडद झालेलं नसलं तर वर काहीतरी थर आहे. मग त्याच जागी कापसाला स्पिरिट लावून दाबून धरा, पृष्ठभाग मऊ होऊन चिकटला तर ते लाखेचं पॉलिश, म्हणजे फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने (लॅकर पॉलिश पातळ करायचं द्रव) विरघळलं तर लॅकर. दोन्हीने ढिम्म हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयू समजा. अशा थरावर तेलाचा हट्ट सोडा, टर्पेन्टाइनने तेल पुसून काढा, बाकी पॉलिश ठीक असेल तर हलकं मेण चोळून मोकळे व्हा. तेलच हवं असेल तर तो थर पूर्ण उतरवावा लागेल आणि तिथे एक सावधगिरी, फर्निचर व्हिनियरचं असेल तर वरचं लाकूड कागदासारखं पातळ असतं, घासता घासता खालचा प्लाय कधी दिसायला लागला कळत पण नाही, आणि तो डाग मग परत झाकता येत नाही.

खाली उघडं लाकूडच आहे आणि तेलही वाळणारंच आहे, तरी चिकटतंय, तर किती जुना चिकटपणा आहे त्यावर इलाज. एक-दोन दिवसांचा असेल तर सोपं आहे, आश्चर्य वाटेल पण त्याच तेलाचा पातळ हात (अर्धं तेल अर्धं टर्पेन्टाइन) त्यावर चोळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, वरचं चिकट तेल सैल होईल, मग स्वच्छ सुती कापडाने जोर लावून पुसा, कापड भरलं की बदला. हा हात तेल चढवायला नाहीये, उतरवायला आहे, म्हणून पुसण्यात कंजुषी नको. आठवडा-दोन आठवडे झाले असतील तर नुसतं टर्पेन्टाइन घ्या आणि स्क्रबर पॅड, भांडी घासायचा हिरवा जरा कडक पडतो, हार्डवेअरमध्ये पांढरा किंवा करडा मऊ पॅड मिळाला तर तो, आणि रेषांच्या दिशेने घासा, आडवं कधीच नको. महिन्यांपूर्वीचं असेल, हाताला चिकटत नाही पण नखाने दाबलं तर रबरासारखं दबतं, तर टर्पेन्टाइनला ते दाद देत नाही, तिथे स्क्रेपर म्हणजे खरवडायची पोलादी पाती वापरा किंवा सरळ पेंट रिमूव्हर. लगेच काचपेपर घेऊन बसू नका, दोन मिनिटांत कागद भरून जातो आणि पुढे नुसतं तेल इकडचं तिकडे फिरतं.

तेल पूर्ण वाळलंय का हे ओळखायला मात्र काचपेपरच उपयोगी. ३२० नंबरचा तुकडा कोपऱ्यात दोनदा हलका फिरवा. पांढरट भुकटी पडली तर वाळलंय, पुढचा हात द्यायला हरकत नाही. कागदावर गोळ्या चिकटल्या तर नाही वाळलं, थांबा.

या सगळ्या पुसापुशीत तेलाच्या चिंध्यांचा ढीग होतो, त्याबद्दल मला खूप कळकळीने सांगायचंय. तेल घट्ट होताना उष्णता तयार होते. लाकडावर पातळ थर असतो म्हणून ती उडून जाते, पण चिंधीचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आतच कोंडते आणि काही तासांत तो बोळा आपला आपण पेटू शकतो, काडी नको, ठिणगी नको. ही ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती, २३ फेब्रुवारी १९९१ ला तिच्या २२व्या मजल्यावर आग लागली ती लाकडी पॅनेलच्या पॉलिशकामात वापरलेल्या लिनसीडच्या चिंध्यांमुळे, आणि त्यात अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. म्हणून चिंध्या एकेक करून दोरीवर उलगडून वाळत घाला, घराबाहेर, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. पूर्ण वाळून कडक झाल्या की मगच कचऱ्यात. घरी सुतार काम करत असेल तर संध्याकाळी तो गेल्यावर स्वतः एकदा नजर टाका, गोणपाटात कोंबून ठेवलेल्या असतात.

हवामान. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर तेलाचं काम काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. दमट हवेत तेल रेंगाळतं, लाकूड आधीच पाणी पिऊन फुगलेलं असतं, आणि अर्धवट वाळलेल्या तेलावर बुरशी अगदी आनंदाने येते. पावसाळ्यातच लावून बसला असाल तर नवीन काही करू नका, वस्तू भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पंखा चालू ठेवा, उजेड येऊ द्या, कारण उजेड आणि खेळती हवा दोन्हीने तेल वाळायला मदत होते. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की बऱ्याचदा उरलेला चिकटपणा आपोआप जातो. पेंटवाले लवकर वाळायला ड्रायर घालायला सांगतात, पण तो थेंबांच्या हिशोबातला माल आहे, जास्त पडला की वरची साय आधी आवळते आणि सुरकुत्या येतात. बॉइल्ड तेलात तो आधीच असतो, परत घालायची गरज नाही.

आता काही लाकडांचा स्वभावच असा की ती तेलाला वाळू देत नाहीत. सागवानात स्वतःचं तेल भरपूर असतं, म्हणून तर ते वाळवीला आणि पाण्याला पुरून उरतं, पण तेच नैसर्गिक तेल वरून लावलेल्या तेलाच्या आड येतं. नवीन रंधलेल्या सागवानाला तेल लावायच्या आधी ॲसिटोन किंवा थिनरने पुसून घ्या (खिडक्या उघड्या, देवापुढचा दिवा आणि गॅस बंद), कापड पिवळट-तपकिरी होईल, ते होऊ द्या, आणि मग तासाभरातच तेलाचा पहिला हात द्या. उद्यावर टाकलं तर आतलं तेल परत वर येतं. शिसव आणि उत्तरेकडून येणारं शीशम यांचं तर त्याहून अवघड, दोन्ही एकाच कुळातली, त्यांच्यात अशी द्रव्यं असतात की तेलाचं ऑक्सिजन ओढणंच मंदावतं. शिसवी खुर्चीवर जवसाचं तेल पंधरा दिवस झाले तरी ओलं आहे असं झालं तर तुमची चूक शोधत बसू नका, तेल पुसून काढा, थिनरने साफ करा, आणि पातळ लाखेचे एक-दोन हात देऊन वर मेण लावा. शिसवाची नक्षी त्यातही छान उठते.

कधी असं होतं की रात्री नीट पुसून झोपलो आणि सकाळी बघतो तर लाकडावर जागोजागी तेलाचे चकचकीत ठिपके. लाकडाच्या छिद्रांत भरलेलं तेल परत बाहेर आलेलं असतं. सागवानासारख्या मोठ्या छिद्रांच्या लाकडात हे होतंच, आणि सकाळी गार लाकडाला तेल लावून दुपारी त्यावर ऊन आलं तर हमखास, कारण आतली हवा तापून फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते. म्हणून उलट करा, दिवसभर तापलेलं लाकूड निवायला लागलं की संध्याकाळी तेल लावा, निवताना ते तेल आत ओढतं. आणि लावल्यावर पहिले तीन-चार तास दर अर्ध्या तासाने येऊन कोरड्या कापडाने पुसत राहा. कंटाळवाणं आहे मान्य आहे, पण याला दुसरा उपाय नाही. ठिपके वाळून बसले असतील तर पॅडला थोडं तेल लावून फक्त तेवढ्या जागा घासायच्या, ताजे असतील तर निघतात, जुने असतील तर स्क्रेपरची धार हलकी फिरवायची.

सगळीकडे सारखं दिसत नाही, कुठे चमक कुठे मंद, ही तक्रार बहुतेक घासकामाची असते. फळीची टोकं, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं तिथे ते तेल ढसाढसा पितं आणि काळपट दिसतं, म्हणून टोकं बाकीच्यापेक्षा एक-दोन नंबर बारीक कागदाने घासायची, बाकी २२० वर थांबलात तर टोकं ३२०-४०० पर्यंत न्या. सांध्यांजवळ फिकट पट्टे दिसत असतील तर तो फेविकॉल, सुताराने ओल्या बोटाने पुसलेला, त्याच्या खाली तेल जाऊच शकत नाही, तो खरवडून काढल्याशिवाय तिथे कितीही हात मारले तरी फिकटच राहणार. आणि पहिल्या हातानंतर लाकूड पूर्ण एकसारखं दिसावं ही अपेक्षा ठेवू नका, दुसऱ्या-तिसऱ्या हाताला ते जुळून येतं. मात्र प्रत्येक हात आधीचा पूर्ण वाळल्यावरच.

काळे डाग आले की लोक घाबरतात, पण रंगावरून आणि जागेवरून कारण सापडतं. खिळ्याभोवती, स्क्रूभोवती, झोपाळ्याच्या लोखंडी कडीखाली निळसर काळा डाग म्हणजे लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांचा खेळ. स्टील वूलने (बारीक पोलादी तारांचा बोळा) घासलं असेल तर त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकून पहिल्या पावसात असेच ठिपके उमटतात, म्हणून मी स्टील वूलच्या ऐवजी नायलॉनचा पॅडच सुचवतो. हे डाग तेलाने किंवा घासून जात नाहीत, ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, केमिकलच्या दुकानात पांढरे खडे मिळतात. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, प्लॅस्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून. आधी त्या भागावरचं तेल उतरवून लाकूड उघडं करा, ब्रशने लावा, वीस मिनिटांत डाग फिका पडायला लागेल, नाही पडला तर परत. मग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन पुसा, नीट वाळू द्या आणि मगच घासा, कारण न धुता घासलं तर ती भुकटी नाकातोंडात जाते आणि ती विषारी आहे. नुसत्या डागापुरतं लावलं तर तिथे पांढरा चट्टा दिसेल, म्हणून शेवटचा हलका हात पूर्ण फळीला द्या.

विखुरलेले बारीक काळे ठिपके, विशेषतः मागच्या बाजूला किंवा भिंतीला लागून, ती बुरशी. खात्री करायला ब्लीचिंगच्या पाण्याचा एक थेंब टाका, मिनिट-दोन मिनिटांत ठिपका उडाला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ. एक भाग ब्लीच दहा भाग पाणी अशा पाण्याने पुसा, लगेच साध्या पाण्याने पुसून उन्हात नाही पण हवेशीर सावलीत वाळवा. मात्र ब्लीच आणि ऑक्झॅलिक ॲसिड, किंवा ब्लीच आणि व्हिनेगर, एकाच जागी एकाच वेळी कधीही नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. पितळी कड्या, फुल्या, बिजागऱ्यांभोवती हिरवट चिकट कड आली असेल तर तेलातली आम्लं पितळातल्या तांब्याला लागलीत, पितळी सामान काढून टर्पेन्टाइनने साफ करा आणि तेल पूर्ण वाळल्यावरच परत बसवा, चार स्क्रू काढायचा आळस केला की हे होतं.

पेल्याचा पांढरा गोल डाग ही त्या मानाने साधी गोष्ट, ओल वरच्या थरात अडकलेली असते, एक-दोन दिवस तसंच सोडा, नाही गेलं तर हेअर ड्रायर हलका फिरवा, मग थोडं तेल आणि मऊ पॅड.

वासाचं म्हणाल तर जवसाच्या तेलाचा वास काही आठवडे राहतोच आणि तो जातो. पण कपाटाच्या आत, ड्रॉवरच्या आत तेल लावलं असेल तर बंद जागेत हवा नाही, तिथे तो वर्षानुवर्षं राहतो आणि कपड्यांना लागतो. आतल्या बाजूला लाखेचंच पॉलिश हवं. लावलेलं असेल तर ड्रॉवर बाहेर काढून उघडे ठेवा, पूर्ण वाळल्यावर आतून लाखेचे दोन हात द्या, वास खाली दबतो. खोबरेलाचा खवटपणा असेल तर टर्पेन्टाइनने दोनदा पुसून वर शंखजिऱ्याची पूड पसरा, रात्रभर तेल शोषू द्या, झटका, परत करा. अंधारात ठेवलेली वस्तू पिवळी पडली असेल तर तिला उजेडात आणा, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात बरंचसं परत निवळतं.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या जुन्या घराचे वासे-तुळया आणून टेबल बनवणाऱ्यांना एक वेगळा त्रास होतो. त्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल फासलेलं असू शकतं, काळं, घट्ट, आणि कातडीला लागलं तर फोड आणणारं. असं काळं लाकूड हाताने घासू नका, त्याची भुकटी अंगावर घेऊ नका, आधी वरचा थर रंध्यावर किंवा मशीनवर काढून घ्या, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, आणि तेलाचा विचार आतलं स्वच्छ लाकूड लागल्यावरच करा.

आणि काही जागा तेलाच्या नाहीतच. बाल्कनीत पावसाचा मारा खाणारं बाकडं दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तेल मागणार, तेवढी तयारी नसेल तर सागवान तसंच सोडा, ते राखाडी होईल पण कुजणार नाही. रोज गरम कुकर टेकवला जातो असं डायनिंग टेबल असेल तर पीयू बरं. पण झोपाळा, आरामखुर्ची, दिवाण, पुस्तकांचं कपाट, जिथे हात रोज लागतो आणि लाकडाचा स्पर्श हवा असतो, तिथे वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, ओलसर कापडाने पुसून वाळवून, चमचाभर तेल कापडावर घेऊन पूर्ण खुर्चीला पुरवा आणि पंधरा मिनिटांनी सगळं पुसून टाका. खुर्चीला चमच्यापेक्षा फार जास्त लागलं तर समजा की ते वर राहतंय.